विहिरीपासून पन्नास पावलं

४ मार्च, सकाळी
आधुनिक गोठ्याच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सर म्हणाले, प्रगतशील शेतकरी रोज डायरी लिहितो. म्हणून ही वही. बायको म्हणाली, आधी गोठ्यातली नोंदवही तरी पुरी करा. तिला समजावलं की ती वही गाईंची, ही माझी.

वय अठ्ठावन्न. गाई अकरा. एप्रिलमध्ये चाळीस होतील. दूध मशीन काढणार. शेण उचलणं बंद. सगळं पाण्याने धुऊन खड्ड्यात, तिथून पंपाने थेट शेतात. हाताला घाण नाही, कंबरेला त्रास नाही. शिवाय मी गावच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष. शेती आधुनिक आणि घर निरोगी, असा समतोल कसा साधायचा हे लोकांना आमच्या अंगणात येऊन बघता येईल.

संकल्प: रोज लिहिणे.

१९ मार्च
मधले दिवस कामात गेले.

खड्डा कुठे खणायचा यावर गवंड्याशी चर्चा. माहितीपत्रकात लिहिलंय, विहिरीपासून किमान पन्नास मीटर. गोठ्यामागची जागा सोयीची. गवंडी म्हणाला, मालक, मोजून घ्या. मोजलं. अठ्ठावीस पावलं भरली. मग शांतपणे परत मोजलं. माणूस घाईत असला की ढांगा टाकतो. मोजमापात घाई कामाची नाही. पन्नास भरली. गवंडी म्हणाला, शेवटची वीस तुम्ही जागच्या जागी टाकलीत. आणि मीटर वेगळं, पाऊल वेगळं.

हात चांगला आहे त्याचा. तोंड जरा कमी चालवलं तर बरं.

२४ मार्च
गवंड्याचं नवीन खूळ. तळाला काँक्रीट हवं म्हणतो, नाहीतर झिरपेल. काँक्रीट घालून वाळवायचं म्हणजे तीन आठवडे. मशीन एक तारखेला येतंय, गाई सहा तारखेला. त्यांना काय रस्त्यावर उभं करू? माती दाबून घ्यायला सांगितली. माती ही निसर्गाचीच गाळणी आहे. वाक्य आपोआप सुचलं. भाषणात घालावं.

मेहुणा बघायला आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, रस्त्यापलीकडे राहतो. नऊ गाई, खाली पेंढा, हातात फावडं. आजोबांच्या काळात होतं तसंच सगळं. खड्ड्याभोवती फिरला, नाक वर करून उभा राहिला आणि म्हणाला, “दाजी, वारा कुठल्या बाजूनं येतो ते बघितलंत का?”

वाऱ्याचा आणि तंत्रज्ञानाचा काय संबंध!

६ एप्रिल
गाई आल्या. मशीन चालू. बारा मिनिटांत आठ गाई. मी नुसता उभा होतो. उभं राहण्याचं काम मला चांगलं जमतं, असं बायको म्हणाली. हे कौतुक धरायचं की नाही ते ठरलं नाही.

१५ एप्रिल
पंखा बसला. चार फुटी. गोठ्यातली खराब हवा सतत बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, असं बायकोने विचारलं. बाहेर म्हणजे बाहेर. तिने हाताला धरून मला स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन उभं केलं. पाच मिनिटं उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, पण वाईट असं काही नाही. सवयीने चालेल.

तात्पुरता उपाय: खिडकी बंद.

१६ एप्रिल
पंख्याचा आवाज होतो. फार नाही. बोलताना थोडं ओरडावं लागतं इतकाच.

२ मे
रोज लिहिण्याचा संकल्प बदलला. महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.

महत्त्वाचं: माश्या. दोरीवर वाळत घातलेली चादर सकाळी पांढरी होती, दुपारी काळी. बायकोने ती उचलली तेव्हा परत पांढरी झाली. औषध आणतो म्हणालो. धुतलेल्या कपड्यांना वास येतो ही तिची दुसरी तक्रार. मला येत नाही. बायको म्हणाली, तुम्हाला कसा येईल, तुमच्याच अंगाचा आहे.

१४ मे, दुपारी
लेकीचा फोन. बाळ महिन्याचं झालं. लेक जुलैच्या एक तारखेला बाळाला घेऊन येणार, दोन महिने राहणार, मग तिला ऑफिस. बायको फोनवर हसली आणि हसता हसता खोकली. लेक म्हणाली, आई, हा खोकला कधीपासून? बायको म्हणाली, धूळ आहे. मी शेजारीच उभा होतो. शहाणी आहे बायको.

तिने मागची खोली रिकामी करायला घेतली. ती खोली पंख्यापासून सर्वांत लांब. चुना स्वतः लावला. मी मदत करणार होतो, पण मशीनचा पाइप तुंबला.

संकल्प: एक तारखेच्या आत पंख्याचं तोंड फिरवून घेणे.

९ जून
गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासायची मोहीम, आरोग्य समितीतर्फे. सुरुवात अध्यक्षांच्या विहिरीपासून करायची, ही कल्पना माझीच. नर्सबाईंनी बाटली भरली, मास्तरांनी फोटो काढला. चार शब्द बोललो. निरोगी पाणी, निरोगी गाव. टाळ्या पडल्या. माश्या उडवणाऱ्या हातांचा आवाजही त्यात मिसळला असेल, पण पडल्या.

२० जून
नर्सबाई स्वतः कागद घेऊन आल्या. गोठ्याच्या दारातच गाठलं त्यांनी मला. गावातल्या बाकी विहिरी ठीक. आमच्यात नायट्रेट. चालतं पन्नासपर्यंत, आमचं एकशे साठ.

आकडा मोठा आहे हे मान्य. पण नायट्रेट म्हणजे खतच, पिकाला आपण मुद्दाम घालतो. हे त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अध्यक्ष, मोठ्यांना लगेच काही होणार नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे पाणी अजिबात नको. दुधाच्या पावडरीत तर नकोच. उकळूनही नको. उकळलं की पाणी उडतं, हे तसंच राहतं, उलट दाट होतं. बाळ निळं पडतं. घरी सांगाल ना?”

सांगतो म्हणालो.

कागद टेबलाच्या खणात, मशीनच्या गॅरंटी कार्डाखाली ठेवला. एकदाच तपासलेल्या पाण्यावर विश्वास ठेवणं शास्त्रीय नाही. परत तपासून घेऊ, मग सांगू. बायको पाळणा पुसत होती. चांगल्या मूडमध्ये होती. मूड असा रोज नसतो.

२९ जून
पंख्याचं तोंड फिरवायला माणूस आला होता. म्हणाला, तोंड फिरवायचं तर भिंत फोडावी लागेल. आता पाहुणे यायच्या वेळी भिंत कोण फोडतं? सप्टेंबरात बघू.

१ जुलै
आली. लेक दमलीय. दूध पुरत नाही म्हणून बाळ बाटलीवर. बाळाचं नाक माझ्यासारखं. लेक म्हणाली, देव करो आणि तसं नसो, ह्या वासात मोठ्या नाकाचा काय उपयोग. आईवर गेलीय.

उद्यापासून नवीन व्यवस्था. पूर्ण विचार केलाय.

२ जुलै, सकाळी साडेपाच
व्यवस्था सुरू. मेहुण्याच्या विहिरीवरून दोन कॅन पाणी आणलं, प्रत्येकी वीस लिटर. वाटेत चार ठिकाणी टेकलो. बायकोला सांगितलं, तुझ्या भावाचं पाणी मऊ आहे, पावडर चांगली विरघळते, बाळाच्या दुधाला हेच वापर. बायकोने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “नातीसाठी तुम्ही पाणी भरताय? बापरे.” आणि मला दुसरा चहा दिला.

म्हणजे बघा. कुणाला घाबरवलं नाही, बाळ सुरक्षित, शेती चालू. यालाच समतोल म्हणतात.

८ जुलै
मेहुण्याने विचारलं, “दाजी, तुमच्या विहिरीला काय झालं?” म्हणालो, व्यायाम म्हणून करतो. तो म्हणाला, मग रिकामे कॅन उचला, वजन तेवढंच वाटेल या वयात. तरी कॅन पंपाखाली त्यानेच धरले.

कंबर गेली. ज्या कंबरेसाठी एवढं सगळं आधुनिक केलं तीच. पण ही वेगळ्या कारणाने गेलीय, त्यामुळे त्यात गणता येणार नाही.

१३ जुलै
लेकीने मागच्या खोलीची खिडकी उघडली आणि लगेच लावली. म्हणाली, “बाबा, लहानपणी मी या अंगणात जेवायचे.” म्हणालो, आता घरात डायनिंग टेबल आहे. तिने पडदाही ओढून घेतला.

बायकोचा खोकला तसाच. औषध घेते. मशीनवाल्याने सांगितलंय की गाईंना या पंख्याने फार आराम पडतो. खरंच, एकही गाय खोकत नाही.

१७ जुलै
निमंत्रण! तालुक्याला दोन दिवसांची परिषद. माझं भाषण पहिल्याच दिवशी. विषय: आधुनिक शेती आणि निरोगी ग्रामजीवन, एक समतोल. बायकोने शर्टाला इस्त्री केली. वास जावा म्हणून शर्ट मेहुण्याच्या दोरीवर वाळवला होता हे मला नंतर कळलं.

पाण्याचा हिशेब: बाळाला दिवसाला फार तर दोन लिटर. दोन कॅन म्हणजे चाळीस. मी नसताना वीस दिवस पुरेल. उगाच कुणाला काही सांगायची गरज नाही.

२० जुलै, सकाळी
दोन कॅन भरून ठेवले. निघतो. भाषणाचे कागद घेतले. बाळ जागं होतं, माझ्याकडे बघून हसलं. लेक म्हणाली, ते हसणं नाही, गॅस आहे. मी हसणंच धरतो.

२१ जुलै
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय. वही भाषणाच्या कागदांबरोबर पिशवीत होती.

काल भाषण झालं. बरं झालं असावं. आज सकाळी दुसरं सत्र चालू असताना मेहुण्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, “दाजी, बाळाचे ओठ निळे पडलेत. हॉस्पिटलला या.”

आलो तेव्हा तिघी आत होत्या. बाळ राखेच्या रंगाचं दिसत होतं. रडत नव्हतं. डॉक्टर तरुण होते, भरभर विचारत होते. दूध कुठलं, औषध काही दिलं का, पाणी कुठलं. बायको म्हणाली, पाणी विहिरीचं, पण मी वीस मिनिटं उकळलंय डॉक्टर, बाळाच्या बाबतीत मी हयगय करत नाही. ते कॅनचं मऊ पाणी तिने काल मी निघाल्यावर लगेच बाळाच्या कपड्यांना आणि न्हाऊ घालायला वापरून टाकलं होतं. साबणाला फेस छान येतो म्हणून. मऊ आहे हे मीच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, विहिरीचं पाणी तपासलंय का? लेक म्हणाली, माहीत नाही.

मी म्हणालो, तपासलंय. नायट्रेट आहे. एकशे साठ. महिना झाला.

डॉक्टरांनी एक शब्दही जास्त विचारला नाही. नर्सला काहीतरी सांगितलं आणि पळाले. लेकीने माझ्याकडे बघितलं. बायकोने नाही बघितलं. ती आपल्या हातांकडे बघत होती. ज्या हातांनी तिने पाणी उकळलं त्या.

२१ जुलै, संध्याकाळी
इंजेक्शननंतर तासाभरात ओठ गुलाबी. आता रडतंय. मोठ्याने. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येतं. दोन दिवस इथेच ठेवणार, पण धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. मेहुणा जिन्यावर बसून रडला. माणूस मागासलेला नाही. तो शब्द मी या वहीत लिहिला नव्हता, पण मनात असायचा.

२२ जुलै
शांतपणे विचार केला. मी तिथे नसतो तर निदान व्हायला वेळ लागला असता. म्हणजे मी बरोबर वेळी बरोबर माहिती दिली. डॉक्टरही म्हणाले, लगेच सांगितलंत म्हणून बरं झालं.

बायकोला हे सांगितलं. तिने बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, “मी माझ्या हातानं पाजलं तिला. तुम्ही मला माझ्या हातानं पाजायला लावलं.”

वरचा परिच्छेद खोडायला हवा. पेनाने लिहिलाय.

२३ जुलै
बाळाला सोडलं. लेक हॉस्पिटलमधूनच थेट शहरात, तिच्या घरी. बायकोही तिच्याबरोबर. कपडे घ्यायला म्हणून घरी आली होती, तेव्हा खणातला कागद काढून तिने पूर्ण वाचला. तारखेसकट. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी म्हणालो, तो ऑफिस रेकॉर्ड आहे. ती म्हणाली, आता माझ्या रेकॉर्डला राहू दे.

किती दिवसांसाठी जातेयस, असं विचारलं. म्हणाली, बघू.

२६ जुलै
नवीन संकल्प, आणि या वेळी खरे. पंखा बंद. खड्डा उपसून काढणे. गाई कमी करणे. अध्यक्षपद सोडणे.

अध्यक्षपद सोडायला मास्तरांकडे, म्हणजे समितीच्या सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, राजीनामा लिहायची गरज नाही, परवाच्या बैठकीत नर्सबाईंना नेमलंय. बैठकीचा निरोप मला आला नव्हता. आला असता तर मीही त्यांनाच मत दिलं असतं. बहुतेक.

४ ऑगस्ट
पंखा बंद केला तर चाळीस गाई धापा टाकतात. एवढ्या बंदिस्त जागेत त्यांना पंखा लागतोच. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. पंखा चालू. खिडकी बंद. खिडकीमागे आता कुणी नाही, त्यामुळे तसा प्रश्न नाही.

हेही पेनाने लिहिलं.

११ ऑगस्ट
तीस गाई विकल्या. मशीनवाला म्हणाला, मशीन परत घेत नाही. दहा उरल्या. पंख्याची भिंत पाडली. त्यात दोन दिवस गेले. जूनमध्ये म्हटलं होतं तेवढं अवघड काही नव्हतं. वारा आरपार येतो. गवंडी बोलावला तसा आला. खड्डा उपसायला पाच माणसं, चार दिवस. तळ दिसला तेव्हा गवंड्याने ओल्या मातीत काठी खुपसली. कोपरापर्यंत हात आत गेला तरी खाली कोरडं लागेना. मला वाटलं आता बोलेल. माणूस एरवी बोलतो फार. आज बोलला नाही.

मेहुणा दोन गाड्या पेंढा टाकून गेला. फावडंही दिलं. शेण परत हाताने. पहिल्या दिवशी अर्धा तास केलं आणि बसलो. मेहुणा म्हणाला, “दाजी, उभं राहून करायचं काम आहे हे.” उरलेलं त्याने केलं.

२५ ऑगस्ट
स्वतःपुरतं पाणी मेहुण्याकडून आणतो. घरात एकच ताट असतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. सकाळी गवताचा वास आला. किती दिवसांनी, ते मोजत बसलो नाही.

फोन केला. लेकीने उचलला. बाळ पालथं पडायला लागलंय म्हणाली. आईला देऊ का विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

६ सप्टेंबर
नर्सबाईंनी परत पाणी नेलं. मीच विनंती केली होती. या वेळी फोटो नाही. मला खात्री आहे, आकडा निम्म्यावर आला असेल. खड्डा बुजवून तीन आठवडे झालेत.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी
कागद आला. एकशे अठ्ठावन्न.

नर्सबाईंना म्हणालो, सगळं काढून टाकलंय, आता कुठून येतंय? त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच बसल्या आमच्याकडे. म्हणाल्या, “काका, वर ओतायला चार महिने लागले तरी खालून निघायला वर्षं लागतात. आठ, दहा. सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी तपासत राहू.” अध्यक्ष म्हणाल्या नाहीत. काका म्हणाल्या.

दहा वर्षांनी मी अडुसष्ट. नात दहा वर्षांची.

कागद खणात ठेवला. मग काढला. फोन लावला. या वेळी बायकोने उचलला.

आकडा सांगितला. नर्सबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. आठ-दहा वर्षं म्हणालो. विहीर मी घालवली, असं म्हणालो. हे वाक्य मनात बरेच दिवस घोळत होतं, तोंडातून यायला जड गेलं.

 तिच्यामागे बाळ आवाज करत होतं. हसणं की रडणं ते कळत नव्हतं. मग ती म्हणाली, “पाणी होईल हो कधीतरी शुद्ध. तुम्हाला किती वर्षं लागतील, ते विचारलंत का नर्सबाईंना?”

विचारायचं राहिलं, म्हणालो.

ती हसली नाही. पण फोनही ठेवला नाही. तिचा खोकला ऐकू येत नव्हता. एकदाही नाही. इकडे असताना दर दोन वाक्यांमागे यायचा, आणि मी त्याला धूळ समजायचो.

मग तिने विचारलं, जेवलात का?

हो म्हणालो.

थोड्या वेळाने म्हणालो, नाही.